चुना लावणारा माणूस

माझा धंदाच असा की सांगितला की लोक हसतात. "काय करता?" "चुना लावतो." लगेच समोरचा खिसा चाचपतो. हसा बापडे! सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून मुरबाडची एसटी पकडून मी शहरातल्या एका जुन्या तंत्रविद्यापीठात गेलो, ते बोलावणं आलं म्हणून. काम मागायला गेलो नव्हतो.

काय इमारत ती! काळ्या दगडाची, एकेक चिरा असा बसवलेला की मधे नख जायचं नाय. ड्रॉइंगच्या हॉलला उंच खिडक्या, सगळ्या उत्तरेला. दिवसभर उजेड, पण कागदावर ऊन नाय. वर्कशॉपच्या छपराला करवतीसारखे दाते काढलेत, तेही त्याच हिशेबानं. आवाराला उतार इतका बेताचा की चालताना कळत नाय, पण पाणी दगडी गटारातून आपलं आपण मागच्या विहिरीकडे जातं. ज्यानं बांधली त्याला पाणी कळत होतं, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

फक्त हॉलची पश्चिमेची भिंत खराब झाली होती. आतून लोणा लागलेला, म्हणजे ओलीबरोबर मीठ बाहेर फुटलेलं, पोपडे सुटलेले. मधल्या काळात कुणीतरी तिच्यावर सिमेंट थापलं होतं. अहो, दगड-चुन्याच्या भिंतीला आतली ओल बाहेर टाकायला वाट लागते. ती वाटच बुजवली, तर भिंत करणार काय?

दुरुस्तीचं काम एका प्राध्यापक मॅडमकडे होतं. त्या म्हणाल्या, "अख्ख्या इमारतीला सिमेंट लावायचं की चुना, ते या भिंतीवर ठरणार आहे."

"मग ठरलंच समजा," मी म्हटलं.

कळीचा चुना विझवला, गुळाचं नि हिरड्याचं पाणी घातलं, मुरत ठेवला. हिरडा आमच्याच रानातला. पण तंत्राचं घर ते, मशीन असणारच. आठ दिवसांत त्यांनी माझ्या चुन्याचा ठोकळा करून मशीनखाली दाबला. तो बिस्किटासारखा फुटला. शेजारी सिमेंटचा ठोकळा तसाच ताठ. पोरंपोरी फिदीफिदी हसली. एक साहेब म्हणाले, "चुना नापास."

माझं डोकंच फिरलं. "आठ दिवसांच्या पोराला म्हसा गावच्या जत्रेत कुस्तीला उतरवाल काय? चुन्याला टाइम लागतो, साहेब. नि भिंतीला काय मशीनखाली बसायचंय? तिला पावसात उभं राहायचंय. भिंतीवर लावा दोन्ही, शेजारी शेजारी. माझी बाजू ओली निघाली तर पुन्हा थापी हातात धरणार नाय!"

बोलून बसलो. पण बोललो ते बोललो. मॅडमनी साहेबांकडे बघितलं नि म्हणाल्या, "एक पावसाळा थांबू."

मी मन लावून काम केलं. अर्ध्या भिंतीवर त्यांचं सिमेंट, अर्ध्यावर माझा चुना. मग भातलावणीला घरी आलो.

गावात विचारेल त्याला सांगायचो, "काय बिशाद त्या भिंतीची ओली व्हायची!" पण पावसाची सर जोरात आली की उठून दारात जायचो. चुना ओलाच राहिला असेल तर? हिरडा कमी पडला असेल तर? तीस वर्षं हेच केलंय, दुसरं काय येतं मला? बायकोला बरोबर कळायचं. चिखलात उभी राहून म्हणायची, "अवो, रोपं वाकडी लागतात. हात इथं नि जीव तिकडं!"

"गप गो," मी म्हणायचो.

दसरा झाला नि फोन आला. कसं झालं ते सांगितलं नाय, फक्त "या" म्हणाले. तशीच एसटी पकडली.

हॉलमध्ये मॅडम एकट्याच होत्या. सिमेंटच्या बाजूला खालपासून कमरेपर्यंत पांढरा लोणा फुटलेला. मी माझ्या बाजूला हात टेकवला. कोरडी! खाली बसून कोपऱ्यात बघितलं, फरशीलगत बघितलं. खडखडीत कोरडी. तरी पुन्हा एकदा सगळीकडे हात फिरवला.

"आणखी काय तपासताय? मी रोज बघत होते," मॅडम म्हणाल्या. "तो ठोकळा फुटल्यावर विद्यापीठाच्या समितीनं सिमेंटच मंजूर केलं होतं. माझ्या जबाबदारीवर मी पावसाळाभर थांबवलं. चार महिने धड झोपले नाही. तुमचं बरं, तुम्ही बिनधास्त."

"बिनधास्त?" मी तसाच जमिनीवर बसून हसायला लागलो, नि डोळ्यांतून पाणीच आलं. "अहो मॅडम, आधी बोलायचं नाय का? आपण दोघांनी काळजी अर्धी अर्धी वाटून घेतली असती!"