वीतभर उतार

आबांचा फोन आला तेव्हा मी दुकानात बसून कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर कॉम्प्युटरवर मांडत होते. आबा म्हणजे माझे वडील. फोनवर ते एरवी इतक्या जोरात बोलतात की फोन नसता तरी मला इथं मुरुम गावात ऐकू आलं असतं. त्या दिवशी मात्र आवाज अगदी खाली होता.

"पत्रा पुरंना गं," म्हणाले.

"कुठं?"

"वर, आढ्याला. खाली बराबर बसतोय, वर वीतभर कमी पडायलाय. तीन पत्रे टाकून बघितले, समदे तसेच." मग म्हणाले, "माझंच माप चुकलंय, बाय."

"येते मी," एवढं म्हणून फोन ठेवला आणि आबांच्या चालू कामाची फाइल उघडली.

छप्पर आमच्याच वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहाचं होतं. जुने गंजके पत्रे उतरवून झाले होते, सभागृह उघडं पडलं होतं आणि सहा दिवसांनी आषाढी पौर्णिमा होती. त्या दिवसापासून वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी सगळी वस्ती तिथं ग्रंथवाचनाला बसते. बत्तीस निळे पत्रे सोलापूरहून मापावर कापून आले होते. असा पत्रा एकदा कापला की कारखाना परत घेत नाही, आणि लांब करायची सोय तर देवानं केलेलीच नाही. नवीन मागवले तर बारा दिवस लागणार होते.

आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. आबा मिस्त्री. लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, जोडायच्या, त्यांवर पाइप टाकायचे, पाइपांवर पत्रे ठोकायचे, हे ते माझ्या जन्माआधीपासून करतात. मी डिप्लोमा करून पत्र्याच्या दुकानात लागले. ते माप आणणार, मी कॉम्प्युटरवर छप्पर मांडणार. त्या प्रोग्रॅमला इमारतीची अर्धी रुंदी आणि मधली उंची सांगितली की उतारावरची लांबी तो स्वतः काढतो, भिंतीबाहेरची वळचण धरतो, आणि एकेक पत्रा शेजारी शेजारी मांडून दाखवतो.

आबा जमिनीवर टेप धरून अर्धी रुंदी मोजायचे आणि उतारात लांबी वाढते म्हणून त्यात अंदाजानं एक वीत, म्हणजे नऊ इंच, घालायचे. ही वीत ते वेगळी सांगत नसत. आमच्याकडचे सगळे जुने मिस्त्री असंच माप देतात, वीत आत मिसळूनच. मग उतार दोनदा धरला जाऊ नये म्हणून मी त्यातले नऊ इंच वजा करायचे. गुपचूप. पहिल्यांदा वाटलं, बापाला कुठं शिकवत बसायचं. दुसऱ्यांदा वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. पुढं तर खरं सांगायचं म्हणजे मला त्यात मजाच यायला लागली. आबा ऐटीत माप सांगणार, मी मान डोलावणार, आणि ते चहा प्यायला वळले की नऊ इंच कापणार. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

या वेळी त्यांनी सांगितलं होतं अठरा फूट नऊ इंच. नऊ इंच काढले, बरोब्बर अठरा उरले. असा सरळ आकडा आला की शंका घ्यायला जागाच राहत नाही. मी पुढं गेले.

आता त्या अठरावर बोट ठेवून बसले होते. आबांनी वीत धरलीच नसेल तर? मग मीच छप्पर नऊ इंचांनी कापलं होतं. खात्री करून घ्यायचंही धाडस होईना, म्हणून आधी छप्पर वाचवायला लागले. पडद्यावर सगळे पत्रे वर सरकवून पाहिले. आढं गाठलं, पण खालची वळचण पार संपली. पाणी थेट भिंतीवरून उतरणार आणि वर्षभरात भिंत फुगणार. उतार कमी करून पाहिला. पडद्यावर छान बसलं, पण कैच्या तर वेल्डिंग होऊन भिंतीवर उभ्या होत्या, त्यांना कोण वाकवणार? एका बाजूचे पत्रे वर, दुसऱ्या बाजूचे खाली, असाही खुळेपणा करून पाहिला. दर वेळी पडद्यावर मधोमध तीच लाल चीर यायची. मी मागं जायचे, आकडा बदलायचे, पुन्हा चीर. मालकांनी काय झालं विचारलं, तर त्यांच्यावरच खेकसले. बिचारे पाण्याची बाटली ठेवून निघून गेले.

शेवटी एकच वाट दिसली. दोन्ही बाजूंना वरच्या पाइपाच्या थोडं खाली एकेक जादा पाइप टाकायचा, म्हणजे पत्र्याचं वरचं टोक अधांतरी राहणार नाही, आणि आढ्यावर फट झाकणाऱ्या नेहमीच्या टोपीऐवजी रुंद साधा पत्रा वाकवून बसवायचा. साधा पत्रा दुकानात होता, पण पांढरा. म्हणजे निळ्याशार छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पट्टा. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीतून तो दिसणार. मला रडू आलं. तसाच हिशोब कागदावर उतरवला आणि स्कूटी काढली.

विहाराशी पोचले तर सगळं शांत. सतरंज्या झटकायला आलेल्या बाया कडेला उभ्या होत्या. आबा ओट्यावर बसले होते. पुढ्यात तीन टेप. दोन शेजाऱ्यांकडून मागून आणलेले. तिन्ही टेप एकमेकांशेजारी ताणून, कोणता खोटा आहे ते ते बघत होते. मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता तो डोळा मिटून, मग हा मिटून, आकडे वाचत होते.

विहार समितीचे म्हातारे गुरुजी माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "तू काय बोलू नको त्यांना. वय झालं की हुतं असं."

त्या 'वय झालं'नं माझ्या अंगाची आग झाली. कुणी रागावलंच नव्हतं आबांवर. सगळ्यांनी त्यांना माफ करून टाकलं होतं, आणि तेच फार वाईट होतं.

मी जादा पाइपाचं आणि पांढऱ्या पत्र्याचं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "पानी गळायचं न्हाय न्हवं? मग झालं." बाया म्हणाल्या, "पट्टा बी झ्याक दिसंल." छपराचा प्रश्न तिथंच मिटला.

आबा मात्र म्हणाले, "गुरुजी, आता ह्याच्या म्होरं माप दुसऱ्याकडनं घ्या. म्या वेल्डिंग करतो, पत्रे ठोकतो. माप माझ्याच्यानं हुत न्हाय."

गुरुजींनी मान डोलावली. तेवढंच. जन्मभराचं काम एका मानेवर संपलं.

मी एक टेप उचलला. एका बाईला टोक धरायला लावलं आणि अर्धी रुंदी मोजली. अठरा फूट नऊ इंच. एक सूतही कमीजास्त नाही. त्यांनी वीत धरलीच नव्हती.

खोटं बोलणार नाही, गप्प बसायचं माझ्या मनात आलं. कुणाला काय कळणार होतं? छप्पर होणारच होतं. पण आबा अजून एक डोळा मिटून टेप बघत होते.

"आबा, तुमचं माप बरोबर होतं," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "चूक माझी."

त्यांनी वर पाहिलं. "बराबर हुतं?"

"अगदी बरोबर."

आबा असे हसले की बायाही हसल्या. "बघा गुरुजी! म्या म्हनलंच, डोळा तर नवा हाय!" आणि मग माझ्याकडं वळून, सहजच, "मग कमी कसं पडलं गं?"

आता सांगणं भाग होतं. वीत, नऊ इंच, वजाबाकी. बोलता बोलता त्यांचं हसू उतरत गेलं.

"तू म्हनली हुतीस, उतार मशीन बघतं," ते म्हणाले. "म्हनून ह्या टायमाला म्या वीत सोडली. म्हनलं, पोरीवर टाकू."

तसं मी एकदा जेवताना सहज बोलले होते. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. मला त्याचा विसर पडला होता.

"आन् कवापासनं काढतीस?"

"पहिल्यापासून."

"परंड्याच्या गोडाऊनचं?"

"हो."

"येडशीच्या हॉटेलचं?"

"हो, आबा."

"आपल्या घराचं बी?"

मी नुसती मान हलवली. वर बघवेना.

"आन् म्या समद्यास्नी सांगत फिरलो," ते म्हणाले, "माझं माप पोरीच्या मशिनीत जसंच्या तसं बसतं म्हनून."

रागावले नाहीत. उठले, शिडीवरून कैचीवर चढले. जादा पाइप आढ्यापासून किती खाली टाकायचा, ते ठरवायचं होतं. एरवी असल्या गोष्टी ते कुणाला विचारत नाहीत, हात लावून ठरवतात. त्या दिवशी वरून त्यांनी हाक मारली, "किती धरू?"

"एक फूट," मी खालून म्हणाले.

त्यांनी खडू पाइपाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. "तुझं वजा करून झालंय न्हवं?"

टोमणा असता तर मी सोसला असता. ते खरंच विचारत होते.