बदामाचा सुशीला

बीडच्या लॅबवाल्या डॉक्टरांनी मला कामावर येणार का ते सोमवारपर्यंत सांगा म्हटलं होतं. मी तिथल्या तिथं हो म्हणून मोकळी झाले असते, पण घरच्यांचा नाश्ता आडवा आला.

लग्नाआधी मी रक्त तपासायचा कोर्स केला होता आणि दोन वर्षं नोकरीही केली होती. मग लग्न झालं, गेवराईला आले, मुलगी झाली, आणि अकरा वर्षं कशी गेली ते विचारू नका, नाहीतर मी सांगत बसेन. आता पुन्हा जागा निघाली होती. अडचण एवढीच, की रक्त द्यायला माणसं उपाशीपोटी येतात, म्हणून लॅब सातला उघडते. सातला बीडमध्ये हजर व्हायचं तर गेवराईच्या स्टँडवर पावणेसहाला उभं राहायला हवं. आणि आमच्या घरात साडेसातला गरम नाश्ता लागतो.

नाश्ता लागतो म्हणजे लागतोच. सासूबाईंना मी आत्या म्हणते. घरातून माणूस उपाशी बाहेर पडला की त्यांचा दिवस नासतो. पण दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकाला हात लावला नव्हता. नवऱ्याचं खताबियाण्यांचं दुकान. माणूस भला आहे, पण गॅसशी त्याचा संबंध सिलिंडर बदलण्यापुरता. मुलगी नऊ वर्षांची. म्हणजे शेवटी सगळं माझ्यावर.

गुरुवारी जेवताना मी नोकरीचा विषय काढला. नवऱ्यानं आईकडे पाहिलं. आत्यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. ना हो, ना नाही. मी काय समजायचं ते समजले आणि भांडी जरा जास्तच आपटली.

शुक्रवारी बीडला बाजारहाटाला गेले होते. एका मोठ्या दुकानात दाराशीच एक मुलगी टेबल मांडून उभी होती. "नवीन आलंय मॅडम, बदामाचं, चाखून तर बघा," म्हणाली आणि कागदी पेल्यात गार दूध घालून पुढं केलं. पोह्यासारखे चपटे, तपकिरी तुकडे, ते कॉर्नफ्लेक्स म्हणतात तसले. आधी नुसताच कुर्रर्र आवाज, मग थोडा मध, आणि घास गिळताना मागून भाजलेल्या बदामाचा खमंग वास. मला मनापासून आवडलं. पेला रिकामा व्हायच्या आत डोक्यात युक्ती आली. ना तवा, ना फोडणी. नवरा असो की पोरगी, ज्यानं त्यानं आपलं वाटीत घ्यावं आणि खावं. मी त्याचा खोका घेतला आणि बसमध्ये मांडीवर धरून आणला.

घरी आल्यावर जाहीर करून टाकलं, रविवारी सगळ्यांनी हे चाखायचं. पसंत पडलं तर मी नोकरीला जाणार, नाही पडलं तर बघू. आत्यांनी खोका फिरवून फिरवून पाहिला, नाकाशी धरला.

"हे कशाचे मुरमुरे हायत म्हनायचे?"

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मान वर न करता म्हटलं, "मुरमुऱ्यासारखंच समजा." गार दुधाचं सांगायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं.

रविवारी मला जाग आली ती मोहरी तडतडल्याच्या आवाजानं. उजाडलं होतं. कढीपत्त्याचा वास घरभर. स्वयंपाकघरात गेले तर आत्या गॅससमोर उभ्या. ओट्यावर अर्धा झालेला खोका, परातीत गढूळ पाणी, आणि कढईत कांदा-मिरची-हळदीत लडबडलेला पिवळा गोळा.

आमच्याकडे मुरमुरे पाण्यात भिजवतात, मुठीनं पिळतात, फोडणीत परततात आणि वरून डाळ्याचं पीठ नि शेंगदाण्याचा कूट घालतात. त्याला सुशीला म्हणतात. सकाळी अचानक पाहुणा आला की मराठवाड्यातल्या घरात पहिलं तेच होतं. आत्यांनी माझ्या बदामाचा सुशीला करून ठेवला होता.

माझं डोकं फिरलं. मी रागावले की कुणाचं काही चालत नाही, माझंसुद्धा नाही.

"आत्या, सरळ सांगायचं होतं ना, जाऊ नको म्हणून! खोका कावून नासवला, कशापायी?"

नवरा तोंडात ब्रश घेऊन दारात आला, एकदा माझ्याकडे आणि एकदा कढईकडे पाहिलं, आणि आला तसा मागं फिरला. आत्यांनी गॅस बंद केला. त्यांनी चार ताटल्या मांडल्या, प्रत्येकीत चमचा ठेवला आणि कोथिंबीर भुरभुरली. अन्न टाकायचं नाही, ही घरातली शिस्त. आम्ही बसलो.

पहिल्यांदा मिरची लागली. पाठोपाठ मध आला. दोघांचं भांडण चाललेलं असताना हळदीमागून कुठून तरी बदाम डोकावला आणि लगेच गेला. गोळा टाळूला चिकटून बसला. मुलगी म्हणाली, "मम्मी, शिरा तिखट कसा काय?" नवरा म्हणाला, "वेगळं झालंय." त्याच्याकडे याहून वाईट शब्द नाही.

आत्यांनी आपली ताटली संपवली. पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"न्हाई जमलं. लई पानी पेतंय हे. मुरमुरा आसं न्हाई करत."

त्यांनी ताटली बाजूला सारली.

"तू गेल्यावर रोजचं मलाच करावं लागंल. म्हनून म्हनलं, तू घरात हायस तवर एकदा करून बघावं. चुकलं तर सांगायला तरी कुनी आसंल."

"मी गेल्यावर?" मी विचारलं. "आत्या, मी अजून हो कुठं म्हटलंय?"

"मंग म्हन की. त्यात काय इचारायचंय? शिकलेली हायस, बसून कावून राह्यची?"

तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हातानं त्या मनगट दाबत होत्या. अर्धा खोका पाण्यातून काढून, मूठ मूठ करून त्यांनी पिळला होता. दोन वर्षांत ज्या हातानं त्यांनी साधा तांब्याही भरून उचलला नव्हता, त्या हातानं. आणि मी त्यांना काय बोलले होते! मला लाज वाटली. उठले, खोबरेल तेल कोमट करून आणलं आणि त्यांचं मनगट चोळत बसले. नवऱ्यानं न सांगता ताटल्या उचलल्या आणि मोरीत नेऊन घासायला घेतल्या. पहिलीच सटकली त्याच्या हातातून, पण घासल्या चारही.

"चुकी माझी," मी शेवटी म्हटलं. "ते भिजवायचं नसतं. दाखवते."

उरलेल्या खोक्यातलं वाटीभर घेतलं, वर गार दूध ओतलं आणि चमचा त्यांच्या हातात दिला. आत्यांनी घास घेतला. कुर्रर्र आवाज झाला तशा दचकल्या. मग सावकाश चावत राहिल्या. दुसरा घास घेतला. तिसराही घेतला.

"गार हाय," म्हणाल्या. "पर बदाम लागतोय बरं का. पोरीला आवडंल. त्याला न्हाई आवडलं तर त्यानं दुकानाजवळ वडापाव खावा."

मी हसले. मग त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"आन तू? पावनेसहाला निघायचं म्हनतीस, तू काय खाऊन जानार?"

नवऱ्याचं, पोरीचं, आत्यांचं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. हे मात्र मला सुचलंच नव्हतं. अकरा वर्षांत मी सकाळी नक्की काय खाते, तेही पटकन आठवेना.

"हेच खाईन," मी म्हटलं. "उभ्या उभ्या होतं."

"उभ्यानं न्हाई खायचं. मी पाचाला उठत जाईन. दूध गार का गरम ते तू सांग, पर बसून खायचं आन मंग जायचं."

मी सोमवारची वाट पाहिली नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि येते म्हणून सांगितलं. सांगता सांगता रडायला लागले, तर ते बिचारे घाबरून पलीकडून विचारत राहिले, घरी सगळं ठीक आहे ना, घरून परवानगी आहे ना.