आमचे बसत-नाही भावजी

ये पुट्टी, अशी जवळ ये. कागदावरून कान धरता येत नाही म्हणून सुटलीस, नाहीतर धरलाच असता. परवा तुझ्या आईनं तुझ्या कॉलेजच्या समारंभाचा व्हिडिओ दाखवला. माइक हातात घेऊन काय म्हणालीस तू? "माझ्या ताताला टीबी नाही, धुळीचा आजार आहे, हे माझ्या डॉक्टर ताताने ओळखलं, घरी येऊन सांगितलं आणि आमचं घर त्या भीतीतून सुटलं. म्हणून कामगारांच्या आजारांचा हाच विषय मी घेतला." टाळ्या पडल्या. तुझे डॉक्टर ताता, म्हणजे तुझ्या ताताचे, आजोबांचे, धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी, पहिल्या रांगेत मान डोलवत होते. "तसं नव्हे गं" एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. तुझ्यावर माझा राग एवढाच, की घरात अज्जी धडधाकट असताना तू आधी तिला विचारलं नाहीस. आता गप्प राहा आणि ऐक.

भावजींचं पहिलं लक्षण म्हणजे ते कुणाच्या घरी बसत नाहीत. जयनगरला आपल्याकडे आले की उंबऱ्याशी उभे. खांद्याला पिशवी, एक पाय चपलेत. "बसा की भावजी." "नको वहिनी, पुढं जायचंय." कॉफीचा लोटा उभ्यानं, उप्पिट्टाची बशी उभ्यानं. समारंभात मात्र बसतात, खुर्चीला नावाची चिठ्ठी चिकटवलेली असली म्हणजे. आणि जसे स्वतः बसत नाहीत, तसं त्यांच्या शास्त्रातही कधी काही बसत नाही. "ते बसत नाही, वहिनी," हे पालुपद. तुझ्या आत्याला स्थळ आलं, मुलगा आम्हाला आवडला, तर म्हणे, "एका भेटीवरून निष्कर्ष काढणं बसत नाही." एकदा मी तापानं फणफणले होते. म्हटलं, जरा नाडी बघा. तर उंबऱ्यावरूनच उत्तर आलं, "वहिनी, एकाला येतो तो ताप, गावाला येते ती साथ. मी साथीचा माणूस." मी म्हटलं, "सरी, बरं तर, मग गाव आजारी पडेपर्यंत पडून राहते."

तुझे ताता त्यांना तम्मा म्हणत, धाकटा भाऊ म्हणून. माझे सासरे लवकर गेले, तेव्हा थोरल्यानं शाळा सोडून पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतली फौंड्री धरली आणि धाकट्याला डॉक्टर केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजींना मिसरूडही फुटलं नव्हतं. कुकरची शिट्टी वाजली की पुस्तक घेऊन अंगणात पळायचे. असा भित्रा, गोड मुलगा. माझ्या हातचं खाऊन वाढलेत, म्हणून मी बोलते. दुसरं कुणी बोललं तर त्याला मी दारात उभं करणार नाही.

डॉक्टर झाले, पण छातीला नळी लावणारे नव्हे. कुणाला, कुठं, कशानं, किती जणांना आजार होतो ते शोधणारे. हेब्बाळच्या एका मोठ्या संस्थेत लागले. त्यांचा पहिला इंग्रजी लेख छापून आला तेव्हा तुझ्या ताताने तो धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून सगळ्या गल्लीला दाखवला. वाचता ना त्यांना येत होता, ना गल्लीला. मला तेव्हा इंग्रजी बसच्या पाट्यांपुरतं यायचं. भावजींचे लेख वाचायचे म्हणून मी डिक्शनरी घेऊन बसले, दुपारच्या दुपारी. शिकले आणि पस्तावले. त्या लेखात कामगारांना जागोजाग 'सब्जेक्ट' म्हटलेलं. डिक्शनरीत पाहिलं तर अर्थ दिलेला : प्रजा. मी विचारलं, "हे हो काय, भावजी?" हसून म्हणाले, "शास्त्रात लोकांना तसंच म्हणतात, वहिनी." मी म्हटलं, "आणि तुम्हाला काय म्हणतात? महाराज?"

त्यांची तपासणी मी एकदा डोळ्यांनी पाहिली. तुझ्या ताताचा डबा घेऊन गेले होते. फौंड्रीच्या फाटकाशी व्हॅन उभी, माणसं रांगेत, एकेक जण नळीत फुंकतोय. फुंकलं की हातावर साबणाची वडी आणि बिस्किटाचा पुडा. एक म्हातारासा कामगार पुडा न घेताच उभा राहिला. "सार, नंदु एनायितु?" माझं काय निघालं? भावजींनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "ओट्टारे परवागिल्ला!" एकंदरीत ठीक आहे! आता तूच सांग, माणूस कधी एकंदरीत खोकतो का?

त्याच फौंड्रीत तुझे ताता तोवर सुपरवायझर झाले होते. ओतलेल्या लोखंडी भागांवर जोरानं वाळू मारून ते साफ करायचे, त्या खोलीच्या तोंडाशी उभं राहून काम करवून घ्यायचं. घरी यायचे तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या. मग खोकला सुरू झाला. मी भावजींना म्हटलं, "तुम्ही एवढ्या छात्या तपासता, ह्यांची पण घ्या त्या यादीत." म्हणाले, "सुपरवायझर कामगारांच्या गटात बसत नाही." पुढं कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं एक्स-रेवरचे डाग बघून टीबी ठरवला आणि गोळ्या सुरू केल्या. पुन्हा विचारलं. "टीबी होऊन गेलेला माणूस बसत नाही." मग जिना चढवेना म्हणून ताताने नोकरी सोडली. तरी मी निर्लज्जासारखी विचारायला गेले. "नोकरीवर नसलेला माणूस आता कसा बसेल, वहिनी?" ज्या आजारावर ह्यांनी नाव काढलं तो सख्ख्या भावाच्या छातीत, आणि भाऊ कुठंच बसेना!

एकदाच त्यांनी ताताचा एक्स-रे हातात घेतला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले. इतका वेळ ते कधी कशाकडे बघत नसत. मग म्हणाले, "कोर्स पूर्ण करा, अण्णा," आणि निघाले. कॉफी तशीच राहिली. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण मी आपली, साखर कमी पडली असेल म्हणत होते.

टीबी म्हटल्यावर घरात काय होतं ते तुम्हा हल्लीच्या मुलींना माहीत नाही. कुणी सांगायच्या आधी ताताने स्वतःच स्वतःला वेगळं काढलं. ताट वेगळं, लोटा वेगळा, मागच्या व्हरांड्यात अंथरूण. एक कोर्स झाला, पुन्हा डाग, पुन्हा कोर्स. गोळ्यांनी अन्न उतरेना. आणि मग तू झालीस. तुला बघायला ते खिडकीच्या गजांपलीकडून यायचे आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवायचे. तू खुशीत रांगत त्यांच्याकडे निघालीस की तोंडाला टॉवेल लावून मोरीकडे पळायचे. तू भोकाड पसरायचीस. इकडे तू रडतेस, तिकडे ते खोकतात, आणि मधे मी. एवढंच मागणं होतं माझं देवाकडे, की ह्यांनी एकदा तरी नातीला मांडीवर घ्यावं.

तेवढ्यात भावजींना मोठा मान मिळाला. हेब्बाळला सत्कार, आणि लोकांना समजावं म्हणून भाषण कन्नडमध्ये. तुझे ताता म्हणाले, "मी खोकेन आणि तम्माच्या भाषणाचा विरस होईल. तू जा. नीट ऐक आणि मला सगळं येऊन सांग." मी म्हैसूर सिल्क नेसून दुसऱ्या रांगेत बसले. भावजी बोलतात छान, खोटं कशाला बोलू. वाळू, धूळ, फुप्फुस, सगळं मलाही कळलं. मग आवाज हळू करून म्हणाले, "माझ्या माहितीत एक सुपरवायझर आहेत. वेगळ्या ताटात जेवतात. नात जवळ आली की उठून जातात. त्यांच्या कफात कधी जंतू सापडला नाही. तो टीबी नव्हेच. वाळूची धूळ छातीत बसली आहे. सिलिकोसिस. ही धूळ एकाची दुसऱ्याला लागत नाही. पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही." सभागृह हळहळलं. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले. "अय्यो पापा, बिचारे!" म्हणाली, "कुणीच कसं सांगितलं नाही हो त्यांना?" मी काय सांगू तिला? की ज्यानं सांगितलं नाही तोच हा, हार घालून उभा आहे?

कॉफीच्या टेबलापाशी मी त्यांना गाठलं.

"भावजी, तो सुपरवायझर जयनगरला राहतो का हो?"

चेहरा उतरला. "मी नाव घेतलं नाही, वहिनी."

"नाव नाही घेतलंत, त्यांचं ताट घेतलंत. घरी का नाही सांगितलंत?"

"अण्णानं कधी विचारलं नाही."

"थोरला भाऊ धाकट्यापुढं हात पसरून विचारील?"

इकडेतिकडे बघून ते अगदी हळू म्हणाले, "टीबीला गोळी आहे, वहिनी. ह्याला काय आहे? औषधच नाही, हे अण्णाला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

क्षणभर मला तो शिट्टीला भिणारा मुलगा दिसला. क्षणभरच. "औषध नसेल भावजी, नात तर होती!" मी म्हटलं. "तुमच्या भिडेपायी माझ्या नवऱ्यानं ती लांबून बघितली."

"उद्या येतो. स्वतः सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना परदेशी जायचं होतं. गेले.

मी मात्र उद्याची वाट बघायला थांबले नव्हते. रिक्षातून उतरले ती तशीच आत गेले, तुला पाळण्यातून उचललं आणि मागच्या व्हरांड्यात ताताच्या मांडीवर ठेवलं. ते दोन्ही हात वर करून ओरडले, "अगं, वेड लागलं का तुला? घे तिला!"

"टीबी नाही तुम्हाला. धूळ आहे. लागत नाही कुणाला."

"कोण म्हणालं?"

"तुमचा तम्मा."

"तम्मा? तम्मानं मला सांगायला सांगितलं?"

पुट्टी, त्या वेळचं त्यांचं तोंड तू बघितलं असतंस तर तूही तेच म्हणाली असतीस. मी म्हटलं, "हो."

"बघ! उगाच बोलत असायचीस त्याला. शेवटी भावाचं दुखणं भावानंच ओळखलं की नाही?" आजाराला औषध नाही, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांना आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला होता. हात मात्र अजून वरच होते. मग तू त्यांच्या तोंडावरचा टॉवेल ओढलास आणि मूठ घातलीस थेट तोंडात. ते हसायला लागले, हसण्याचा खोकला झाला. तुला वाटलं खेळ आहे, तर तूही "खॉ, खॉ" करायला लागलीस. तेव्हा कुठं ते हात खाली आले आणि तुझ्या पाठीवर बसले.

तर तू माइकवर सांगितलेली गोष्ट ही अशी माझ्या स्वयंपाकघरातली आहे. शिजवली मी, वाढली मी, आणि मला तिची लाज नाही. तुझे ताता तीच खरी मानून पुढची वर्षं, शेवटपर्यंत, सगळ्यांच्या पंगतीत जेवले. थांबत थांबत तुला शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचे. भेटेल त्याला सांगायचे, माझ्या तम्मानं माझं दुखणं ओळखलं. लोक भावजींना ते सांगायचे, आणि भावजी मान डोलवायचे. ती मान तेव्हापासून डोलतेच आहे.

त्यांचं काम खोटं नव्हतं, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील अज्जी एकतर्फी बोलते. त्यांच्या लिहिण्यानं पीण्यातल्या किती तरी शेडमधली वाळू बंद झाली, तिच्या जागी लोखंडाचे बारीक मणी आले. त्या पोरांच्या पापण्या आता पांढऱ्या होत नसतील. ते पुण्य भावजींचं, माझं काही म्हणणं नाही. पण हजारांचा कळवळा सोपा असतो गं. हजारांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. एकाच्या डोळ्यांत बघायचं म्हटलं की आमच्या ह्या शास्त्रज्ञाला पुढं जायचं असतं.

आता तू पुढच्या महिन्यात त्याच पीण्यात सर्व्हेला जाणार. जा. शास्त्र चांगलं आहे, मन लावून कर. फक्त कुणाचं ताट सभेत वाढण्याआधी त्याच्या घरी जाऊन ये. एवढं करणार असशील तर माझा आशीर्वाद, नाहीतर बँकेत नोकरी धर.

आणि हो, हे लिहिलेलं मी तुझ्या आधी भावजींना वाचून दाखवलंय. पाठीमागं बोलायची रीत त्यांची, माझी नाही. सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, नाकारलं नाही. चष्मा काढून पुसत बसले आणि मग विचारलं, "पुट्टीला हे पाठवणार, वहिनी?" म्हटलं, "पाठवणार." एवढ्या मोठमोठ्या सभा गाजवलेला माणूस, पण आवाज कसा एवढासा झाला होता सांगू. "ती कधी येणार आहे?" म्हटलं, "अवरेकाळूच्या शेंगा बाजारातून जायच्या आत." तर म्हणाले, "मग मला कळवा. माझं मी तिला सांगतो." ह्या वेळी त्यांना परदेशी जाऊ द्यायची नाही मी. तू फक्त लवकर ये. सर्व्हे सुरू व्हायच्या आधी ये, एक रात्र राहायच्या बेतानं ये. अवरेकाळू सोलून ठेवते.