आमचा सीझन आणि आईचे गुडघे

मंडळी, आज आमच्या टीमचा सीझन संपला. रग्बीच्या देशात राहून हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघतो म्हणून तुम्ही हसता. हसा! मेलबर्नला जडलेलं वेड ऑकलंडला येऊनही सुटत नाही.

आज जिंकलो असतो तर फायनल्स गाठल्या असत्या. पण आमच्या टीमचं वर्षभर एकच रडगाणं. गोलला सहा पॉइंट मिळतात आणि थोडक्यात हुकलं तरी एक. आमच्या लोकांनी त्या एकेका पॉइंटवरच अख्खा सीझन काढला. नुसता संताप!

शेवटच्या क्वार्टरमध्ये आई चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आली आणि तेवढ्यात आमचा गोल झाला. मी ओरडलो, "आई, तिथेच थांब! हलू नकोस!" पुण्याच्या घरी क्रिकेटच्या मॅचला हाच नियम असायचा. ती बिचारी ट्रे धरून तशीच उभी राहिली. लागोपाठ आणखी दोन गोल!

बायको म्हणाली, "अरे, आईंचे गुडघे!"

"पाचच पॉइंटनी मागे आहोत, जरा थांब गं!"

मॅच संपल्याचा सायरन व्हायच्या आत शेवटची किक मिळाली, तीही अगदी समोरून. बॉल पोस्टवर आपटला. म्हणजे पुन्हा एकच पॉइंट. चार पॉइंटनी हरलो.

मी डोकं धरून बसलो. मागून आईचा आवाज आला, "आता बसू का रे?"

टीमला मनसोक्त शिव्या घालायला ही पोस्ट उघडली होती. आता तुम्हीच सांगा, कोणाला घालू?