गूळमावशी

प्रिय सई आणि ओजस,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आई, गूळमावशी कशी आहे?" मी विषय बदलला. तेव्हा बोलवेना, म्हणून आता लिहिते आहे.

तुमची गूळमावशी, म्हणजे सगुणा, आपल्या इंदिरानगरच्या घरामागच्या खोलीत राहायची. गाव त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे, डोंगरात. अंबडच्या एका कारखान्यात ती साच्यातून निघालेले लोखंडी भाग यंत्रावर घासून साफ करायची. संध्याकाळी परतायची ती पापण्यांपर्यंत राखाडी होऊन. अंगणातल्या नळावर तोंड धुवायची, पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तोंडात टाकायची. त्यातलाच तुकडा तुम्हाला मिळायचा.

"गूळ धूळ खाली वढतो, काकू. आमच्या तिथल्या समद्या बाया खात्यात."

मी आणून दिलेला मास्क खुंटीवरच राहिला. "त्यात दम कोंडतो. आन् बाया म्हणत्यात, आली बघा नर्सबाई."

मग खोकला सुरू झाला. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना ती जिन्यात मध्येच बसू लागली. मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो पाहून ते म्हणाले, धूळ फुप्फुसांत रुतली आहे, ती आता निघणार नाही. काम मात्र लगेच सोडा. मी गुळाचं विचारलं.

"गूळ पोटात जातो हो. छातीत नाही जात."

सगुणानं पदराची गाठ चाचपली. मग म्हणाली, "मंग छातीत जाईल आसं कायतरी द्या."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

रिक्षात ती हसली. "म्हंजे इतकी वरसं नुसतं गोडच खाल्लं म्हणायचं."

काम सोडलं, पण धाप वाढतच गेली. औषधं मी वेळच्या वेळी दिली, पाठीशी उशा रचल्या. शेवटी एकेक शब्द सुटा यायचा. "काकू... आडवं... नका... करू." गेल्या महिन्यात ती बसल्या बसल्याच गेली.

तिच्या जागी, त्याच यंत्रावर, आता गावाहून आलेली तिची सून रंजना उभी राहते. घर चालायला हवं. दुसरं काम मी शोधते आहे, अजून मिळालेलं नाही. ती मास्क लावते. संध्याकाळी त्याच नळावर तोंड धुते आणि गुळाचा खडा तोंडात टाकते.

"अगं, तो पोटात जातो ना?"

"जाऊ द्या की, काकू. आई खायच्या."

रंजनाला अजून खोकला नाही.