पप्पांची जागा

पुण्यात रिक्षावाल्याला ‘सिनेगॉग’ सांगून काही उपयोग नसतो. आमची जुनी माणसं रास्ता पेठेतल्या आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराला ‘मशीद’ म्हणतात. ते सांगितलं तर रिक्षा भलतीकडेच जाते. म्हणून मी हडपसरहून निघताना कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं नाव सांगते आणि पुढे चालत जाते.

तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी माझे पप्पा प्रार्थना म्हणायला उभे राहायचे. ते काही नेमलेले हझान नव्हते. प्रार्थना चालवणारे आमचे हझान इस्रायलला निघून गेले, दुसरं कुणी मिळेना, तेव्हा ‘तात्पुरते’ म्हणून पप्पा उभे राहिले आणि शेवटपर्यंत तात्पुरतेच राहिले.

शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या शब्बाथला, आमच्या विश्रांतीच्या दिवसाला, नवरीसारखं घरात बोलावणारं एक हिब्रू गाणं असतं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात आणि एकत्र म्हणतात. त्या कडव्यात एक लांबलचक ओळ आहे. पप्पांना दमा होता. ती ओळ त्यांना एका दमात झेपायची नाही. ते एका शब्दाच्या मधोमध थांबायचे, श्वास घ्यायचे आणि मग उरलेला शब्द म्हणायचे. वर बायकांच्या गॅलरीत मी तेवढा वेळ स्वतःचा श्वास धरून ठेवायची. पुढचा अर्धा शब्द आला की जीव भांड्यात पडायचा.

पप्पा गेले आणि मला एकच गोष्ट हवी होती, त्यांचा आवाज. तो कुठेच नव्हता. शब्बाथला मोबाइलला हात लावायचा नाही हा त्यांचाच दंडक, त्यामुळे प्रार्थनेचं रेकॉर्डिंग कुणी केलेलं नव्हतं. इतर दिवशी घरी म्हणा म्हटलं तर म्हणायचे, “तो काय ऑर्केस्ट्रा आहे?” एका लग्नाच्या व्हिडिओत ते गाताना दिसतात, पण ऐकू येतो तो नुसता बँड. तो बँड मी कितीतरी वेळा ऐकला, मधे कुठे पप्पा सापडतात का म्हणून. ते सापडले नाहीत, आणि त्याचं मला फार दुःख झालं. शुक्रवारी तिकडे जाणंच मी सोडून दिलं. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं राहिलेलं मला बघवणार नव्हतं.

काही महिन्यांनी, आईच्या आग्रहाखातर, गेले. ठाण्याहून एक तरुण हझान त्याच आठवड्यात नेमून आले होते. आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ, खोट काढायला जागा नाही. मी उगीचच त्यांच्यावर चिडून बसले होते.

शेवटचं कडवं आलं. सगळे दाराकडे वळले. ती ओळ सुरू झाली, आणि त्या शब्दाच्या मधोमध सगळे थांबले. खालचे पुरुष, वरच्या बायका, माझ्या शेजारी आईसुद्धा. हझान एकटेच पुढे गेले, गोंधळले आणि गप्प झाले. सगळ्यांनी श्वास घेतला आणि उरलेला अर्धा शब्द एकदम म्हटला. आपण काही वेगळं केलं असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मला मात्र पुढचं काही म्हणता आलं नाही. कठड्याला धरून मी रडत राहिले.

नंतर अंगणात मनुकांचं सरबत घेताना हझानांनी पप्पांच्या एका जुन्या मित्राला अदबीनं विचारलं, “काका, तुम्ही सगळे तिथे थांबता, ही इथली परंपरा आहे का? शब्द तर मधेच तुटतो. काही गूढ अर्थ असेल ना?”

“अर्थ कसला?” काका म्हणाले. “हिच्या वडिलांना दमा होता.”

हझानांनी माझ्याकडे पाहिलं. आता पुढच्या आठवड्यापासून हे सगळ्यांना ती ओळ न तोडता म्हणायला शिकवतील, असं मी मनाशी धरून चालले. त्यांचं चूकही नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी आईच्या आग्रहाशिवाय गेले. शेवटचं कडवं आलं. आम्ही दाराकडे वळलो. ती ओळ आली, आणि तो धडधाकट छातीचा तरुण माणूस त्या शब्दाच्या मधोमध, आमच्या सगळ्यांच्या आधी, थांबला.

मी श्वास घेतला आणि उरलेला अर्धा शब्द सगळ्यांबरोबर म्हटला.