दोन सिनेमांतली एकच आत्या

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पप्पा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूला मी गणितं सोडवायचे. त्यामुळे आमच्या घरात भांडणंसुद्धा मुद्देसूद होतात. आणि एक नियम पक्का आहे: वाटलेलं पत्रक मागे घ्यायचं नाही.

मानखुर्दला आमच्या विहाराच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सिनेमा दाखवतात. गेल्या वर्षी समितीपुढे दोन सिनेमे होते, जुळे म्हणावेत असे. दोन्हींत कारखाना, दोन्हींत संप, दोन्हींत शेवटी मोर्चा. त्यातला चांगला निवडायचं काम माझ्यावर आलं.

मी दोन्ही दोन-दोनदा पाहिले आणि वहीत रकाने आखले. पहिल्यात कामगारांच्या मागण्या समजतात. दुसऱ्यात मागण्यांच्या जागी गाणं आहे. पहिल्यात सभा होते, मतदान होतं. दुसऱ्यात मालकाची मुलगी कामगाराच्या प्रेमात पडते आणि तेवढ्यावर अख्ख्या कारखान्याला बोनस मिळतो! पहिला जिंकला, नऊ विरुद्ध एक. एक गुण मी दुसऱ्यातल्या यंत्रांना दिला, ती खरी वाटत होती. लगेच पत्रक काढलं आणि गल्लीभर वाटलं.

संध्याकाळी तेच पत्रक घेऊन आत्या आली. ती सिनेमांच्या गर्दीत उभं राहायचं काम करते. वर्सोव्याहून होडीनं मढला जायचं, सांगतील तसं पळायचं, रडायचं. बारा वर्षांत पडद्यावर तिचा खांदा आला, अंबाडा आला, एकदा कोपर आलं. तोंड आम्हाला कधीच दिसलं नव्हतं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय, आज काय दाखवणार?"

"दोन्ही मोर्चांत मी होते," आत्या म्हणाली. "तुझ्या नऊ गुणवाल्यात कुठंय मी, दाखव."

मी लॅपटॉप उघडला. मोर्चा ड्रोनवरून घेतला होता. "ही बघ. डावीकडे, पुलाजवळ."

"ही मुंगी?"

"आत्या, तो समूह आहे. इथे एकटा माणूस महत्त्वाचा नसतो."

"मग हिरोला का एवढा जवळून घेतलाय? आम्ही पाचशे बायका उन्हात घसा फोडत होतो. आता तो दुसरा लाव."

दुसऱ्यात हिरोच्या मागे, पूर्ण चार सेकंद, आत्या होती. दोनदा पाहूनही माझी नजर हिरोवरच राहिली होती. मूठ वर, डोळ्यांत खराखुरा संताप.

"एवढा राग कुठून आणलास गं?"

"जेवण दोनला देतो म्हणाले आणि चार वाजवले."

ती गेल्यावर मी पहिल्या सिनेमाचा मोर्चा थांबवत थांबवत पाहिला. हिरो सोडून एकही चेहरा नव्हता. माणसांच्या हक्कांचा सिनेमा, आणि माणूस दिसत नाही. हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

"पत्रक मागे घेतेय," मी पप्पांना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "आपल्या घरात असं झालेलं नाही."

"मुद्दा सुटला असेल तरी?"

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. "मग दुरुस्ती काढ," ते म्हणाले. "माघार हा शब्द नको."

दुरुस्तीत मी लिहिलं की मोर्चातल्या माणसांना चेहरा असणे हा मुद्दा अनवधानाने राहिला होता, त्याचे गुण दहा. दुसरा सिनेमा अकरा-नऊने विजयी. समितीतले काका म्हणाले, "तुझ्या आत्याचे गुण वेगळे मोजलेस की ह्यातच?" वाट लागली होती माझी, तत्त्वासकट.

रविवारी आत्या पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. मोर्चा आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे थांबव! थांबव ना!" भिंतभर आत्याचा चेहरा थांबला. शिट्ट्या, टाळ्या. मागे नेऊन चारदा दाखवला. तिची टिंगल करणाऱ्या बायकाच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होत्या.

आत्या मात्र हसत नव्हती. मान तिरकी करून स्वतःकडे बघत होती. मग माझ्या कानाशी आली.

"पिक्चर भंगार आहे गं," ती म्हणाली. "पण ती बाई काम चांगलं करते."